सह्याद्री धावला, प्रश्न मागे राहिला

चीनशी झालेले युद्ध जेमतेम महिनाभर चालले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी फौजा ईशान्येकडील नेफात आणि लडाखमध्ये एकाच वेळी चालून आल्या आणि २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. इतिहासाच्या पुस्तकात हे प्रकरण इथे संपते. कायद्याच्या पुस्तकात ते संपायला आणखी पाच वर्षे लागली. २६ ऑक्टोबर १९६२ रोजी पुकारलेली राष्ट्रीय आणीबाणी उठली ती १० जानेवारी १९६८ रोजी. आणीबाणी म्हटले की आपल्याला १९७५ आठवते. पण त्याआधी हा देश १९६५चे पाकिस्तानशी झालेले युद्ध पोटात घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ घोषित युद्धस्थितीत राहत होता. १९६७ची सार्वत्रिक निवडणूकसुद्धा त्याच स्थितीत पार पडली.

या दीर्घ युद्धस्थितीच्या अलीकडे आणि तिच्या उतरणीवर अशा दोन निवडणुका मुंबईच्या उपनगरांत गाजल्या. १९६२ साली उत्तर मुंबई मतदारसंघात संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन विरुद्ध आचार्य जे. बी. कृपलानी, आणि १९६७ साली ईशान्य मुंबईत तेच मेनन विरुद्ध स. गो. बर्वे. पहिल्या लढतीवर इंग्रजीत बरेच लिहिले गेले आहे. दुसरीचा उल्लेख बहुधा शिवसेनेच्या इतिहासातले एक पान म्हणून होतो. या दोन्ही लढती एकत्र ठेवून वाचल्या तर युद्धकाळात लोकशाहीतील वादाचे काय होते, याचा एक सलग आलेख हाती लागतो. तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. १९६२ साली उपनगरातील मतदाराला परराष्ट्र धोरणाचा खरा प्रश्न विचारला गेला, परंतु उत्तरासाठी लागणारी माहिती त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. १९६७पर्यंत परिणाम सर्वांनी पाहिला होता, पण तोवर प्रश्नच बदलला होता. ‘धोरण कुठे चुकले?’ याच्या जागी ‘माणूस कोणाचा?’ हा प्रश्न येऊन बसला. आणि या अदलाबदलीला पोषक ठरलेले एक वाक्य आपण मराठी माणसांनी फार प्रेमाने जपलेले आहे.

उपनगराच्या मतपेटीत चीन

१९६२चा उत्तर मुंबई मतदारसंघ आजच्या हिशेबाने अवाढव्य होता. पश्चिम रेल्वेवरची अंधेरी-बोरिवलीकडची आणि मध्य रेल्वेवरची घाटकोपर-मुलुंडकडची वस्ती त्यात एकत्र होती. यातला बराच भाग बृहन्मुंबईत सामील होऊन पाच ते बारा वर्षेच झाली होती. शेती, मिठागरे, कोळीवाडे आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणे यांच्या शेजारी गिरगाव-दादरहून सरकलेला मराठी मध्यमवर्ग, गुजराती व्यापारी, फाळणीनंतर आलेले सिंधी-पंजाबी निर्वासित, दाक्षिणात्य नोकरदार आणि नव्या कारखान्यांतले कामगार असे सगळे राहत होते.

अशा वस्तीसमोर उभे राहिलेले दोन्ही उमेदवार बाहेरचे होते. मेनन कालिकतचे. लंडनमध्ये इंडिया लीग चालवण्यात त्यांचे तारुण्य गेले. २३ जानेवारी १९५७ रोजी काश्मीर प्रश्नावर सुरक्षा परिषदेत त्यांनी सुरू केलेले, जवळपास आठ तासांचे भाषण प्रसिद्धच आहे. त्याच वर्षी ते उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेले आणि संरक्षणमंत्री झाले. कृपलानी सिंधचे. स्वातंत्र्य आले तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष, नंतर काँग्रेसचे कडवे टीकाकार. बिहारमधली सीतामढीची आपली जागा सोडून ते केवळ मेनन यांना आव्हान देण्यासाठी मुंबईत आले. प्रजासमाजवादी, जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष, ज्यांचे एरवी एकमेकांशी पटत नसे, ते सारे त्यांच्या पाठीशी होते. मेनन यांच्या मागे काँग्रेस होती आणि कम्युनिस्टही होते. मुंबई काँग्रेसचे सूत्रधार स. का. पाटील यांचे मेनन यांच्याशी वैचारिक वाकडे होते. तरी नेहरूंच्या इच्छेपुढे त्यांनाही या प्रचाराला लागावे लागले.

महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली माणसे, सभा, घोषणा सारे ताजे होते. तरीही इथल्या मतदारांनी एक मल्याळी आणि एक सिंधी यांच्यातून निवड केली, आणि ती चीन, गोवा, अलिप्ततावाद आणि लष्कराची सज्जता या विषयांवर केली. ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवली पाहिजे.

प्रचाराची पातळी सर्वत्र उंच होती असे नाही. चिनी आक्रमण आणि मेनन यांची झोप यांचे यमक जुळवणाऱ्या हिंदी घोषणा फिरत होत्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक मेनन यांच्यासाठी झटत होते, ‘करंट’ त्यांच्यावर तुटून पडत होते. नेहरूंच्या सांगण्यावरून दिलीपकुमार सभांना गेले. मेनन हरले तर तो आपल्याच धोरणाचा पराभव ठरेल, अशी नेहरूंची भूमिका होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ‘टाइम’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर मेनन झळकले. शीतयुद्धाच्या पटावर उत्तर मुंबई हे एक घर होऊन बसले होते.

त्या गदारोळाखाली मुद्दे मात्र खरे होते. १९५९च्या ऑगस्टमध्ये लोंगजू आणि ऑक्टोबरमध्ये कोंगका खिंड इथे रक्त सांडले होते. त्याच वर्षी सरसेनापती थिमय्या यांनी मेनन यांच्याशी बिनसल्यामुळे राजीनामा दिला आणि नेहरूंच्या सांगण्यावरून मागे घेतला होता. एप्रिल १९६१मध्ये कृपलानींनी लोकसभेत मेनन यांच्यावर घणाघाती भाषण केले. लष्करात गटबाजी माजवली, पैसा वाया घालवला, लढल्यावाचून प्रदेश गमावला, हे त्यांचे आरोप होते. यावर मेनन यांच्या बाजूने दिली जाणारी उत्तरेही अगदीच पोकळ नव्हती. परदेशी शस्त्रांवर विसंबून राहू नये म्हणून देशी उत्पादन उभारावे, एका महासत्तेच्या गोटात जाऊन सुरक्षितता विकत घेऊ नये, ही धोरणे आजही बाद झालेली नाहीत.

शिवाय गोवा होता. निवडणुकीच्या दोन महिने आधी, १८ आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. गोव्याच्या सत्याग्रहात महाराष्ट्रातून गेलेल्या माणसांनी १९५५मध्ये गोळ्या झेलल्या होत्या. मराठी घरांना ही कारवाई जवळची होती. विरोधकांनी वेळेच्या निवडीवर बोट ठेवले आणि गोव्यात चालते ते लडाखमध्ये का चालत नाही, असे विचारले. हा प्रश्न चोख होता.

निकाल एकतर्फी लागला. मेनन यांना सुमारे २ लाख ९७ हजार, कृपलानींना सुमारे १ लाख ५१ हजार मते मिळाली.

जे प्रचारात नव्हते

या लढतीचे वर्णन ‘मवाळ मेनन विरुद्ध कणखर कृपलानी’ असे करण्याची रीत आहे. त्या वेळच्या मतदाराला चित्र तसेच दिसले. प्रत्यक्षात ते तसे नव्हते, आणि या निवडणुकीच्या मूल्यमापनातला माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

२ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत पंतप्रधानांकडे एक बैठक झाली. मेनन तिला हजर होते. चिनी ठाणी जिथवर पोहोचलेली नाहीत अशा प्रदेशात पुढे सरकून आपली ठाणी उभारायची, असा निर्णय तिथे झाला. पुढे याला ‘फॉरवर्ड पॉलिसी’ हे नाव पडले. पिछाडीला भक्कम तळ उभारावेत आणि पुढच्या ठाण्यांना तिथून आधार मिळावा, हेही त्याच निर्णयात होते. परंतु सेना मुख्यालयातून खाली गेलेल्या आदेशात नेमका हा पिछाडीचा भाग गळला. हेंडरसन ब्रुक्स अहवालाचा जो भाग पुढे बाहेर आला त्यात ही बाब नोंदवलेली आहे.

याचा अर्थ काय होतो? फेब्रुवारी १९६२मध्ये बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या मैदानावर वक्ते ‘सरकार काहीच करत नाही’ म्हणून गर्जत होते, तेव्हा सरकार आपल्या ताकदीपेक्षा अधिक काही करून बसले होते. नकाशावर धोरण धीट होते आणि रसद, कपडे, रस्ते, तोफा यांच्या बाबतीत दुबळे. मतदारासमोर दोन पर्याय ठेवले गेले, शांततेचे धोरण की ताठ धोरण. तिसरा प्रश्न, म्हणजे ‘जे ताठ धोरण आधीच सुरू झाले आहे ते पेलण्याची तयारी आहे का?’, तो विचारला गेला नाही. सत्ताधाऱ्यांना तो विचारला जाणे नको होते आणि विरोधकांना त्याची पुरती माहिती नव्हती. किंबहुना ‘हाकलून लावा’ ही त्यांची मागणी सरकारला त्याच वाटेवर पुढे ढकलत होती. साधनसामग्रीच्या दुरवस्थेवर कृपलानींनी बोट ठेवले होते, हे त्यांचे श्रेय मान्यच आहे. पण त्या दुरवस्थेतून ‘आधी तयारी, मग पाऊल’ हा निष्कर्ष प्रचारात ठळकपणे पुढे आला नाही.

म्हणून उपनगराने १९६२ साली चूक केली, हा नंतरच्या लेखनातला शेरा मला मान्य नाही. मतदाराला जे दाखवले होते त्यावरून त्याने निवड केली. ज्यांच्या हाती नकाशा होता त्यांनी तो उलगडला नाही, दोष असेल तर तिथे आहे.

एका वाक्याची चिकित्सा

युद्ध भडकले आणि मेनन यांचे आसन डळमळले. ३१ ऑक्टोबरला संरक्षण खाते काढून त्यांच्याकडे संरक्षण उत्पादन ठेवण्यात आले आणि आठवडाभरात तेही गेले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीला बोलावणे आले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य तेव्हाचे. ते आपल्या भाषेत असे मुरले आहे की शाळेच्या भाषणस्पर्धेपासून राजकीय व्यासपीठापर्यंत कुठेही ऐकू येते.

वाक्य म्हणून ते सुंदर आहे यात शंका नाही. दोन पर्वत, एक हाक, एक धाव. नव्या राज्याला राष्ट्राच्या कथेत जागा देणारे ते वाक्य आहे. पण तारीख पाहा. यशवंतरावांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली २१ नोव्हेंबर १९६२ रोजी. त्याच दिवशी चीनने युद्धबंदी केली. सह्याद्री पोहोचला तेव्हा हिमालयावरची लढाई थांबलेली होती. उरलेले काम वेगळ्या जातीचे होते. मोडलेली सेना उभी करणे, डोंगरी युद्धासाठी नव्या तुकड्या घडवणे, सेनाप्रमुखांशी दररोज बसून बोलण्याची पद्धत घालणे, मंत्री आणि सेनापती यांच्यातला विश्वास परत आणणे. हे काम चव्हाणांनी केले आणि चांगले केले. त्यांचे खासगी सचिव राम प्रधान यांनी त्या काळावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातच ‘दाणादाण ते पुनरुज्जीवन’ असा प्रवास सांगितला आहे. फायली, बैठका, पंचवार्षिक आराखडे यांतून झालेले हे काम धावण्याचे नव्हते, बैठक मारण्याचे होते. रूपकाने यशवंतरावांना मोठे केले असे वाटते. माझ्या मते त्याने त्यांच्या खऱ्या कर्तृत्वावर पडदा टाकला.

दुसरा तोटा याहून मोठा आहे. डोंगराला जाब विचारता येत नाही. सह्याद्री-हिमालयाच्या भाषेत माणसे, निर्णय, आदेश, हुकलेल्या बैठका यांना जागाच नसते. पराभव ही एक आपत्ती होते आणि कोणीतरी धावून येणे हे तिचे उत्तर होते. ती कशी ओढवली, हे विचारणे कृतघ्नपणाचे वाटू लागते.

विचारणारे नव्हते असे नाही. ८ ते १४ नोव्हेंबर १९६२ या काळात, लढाई चालू असताना, लोकसभेत चीनविषयी चर्चा झाली आणि १६५ सदस्य बोलले. कृपलानी उत्तर मुंबईत हरले होते. मे १९६३मध्ये अमरोहाच्या पोटनिवडणुकीतून ते लोकसभेत परतले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव मांडला. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला, तरी बोलायचे ते बोलून झाले. त्यानंतर अकराव्या दिवशी, २ सप्टेंबर १९६३ रोजी, चव्हाणांनी सभागृहात नेफातील पराभवाच्या चौकशीवर निवेदन केले. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी ही चौकशी केली होती. प्रशिक्षण, सामग्री, कमांडची रचना, जवानांची शारीरिक क्षमता आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे नेतृत्व, अशा कलमांनी निवेदनात उणिवा मान्य केल्या गेल्या. मूळ अहवाल मात्र सभागृहासमोर ठेवला गेला नाही. शिवाय चौकशीची कक्षाच लष्करापुरती होती. सरकारच्या पातळीवर युद्धाची दिशा कोणी, कशी ठरवली, हा तिचा विषय नव्हता.

मदतीला धावलेल्या सह्याद्रीवरच अहवाल झाकून ठेवण्याची वेळ आली. १९६३मध्ये, शत्रू सीमेवर असताना, या गुप्ततेचे समर्थन करता येते. पण २०१०मध्येही संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत तेच सांगितले, की मजकूर आजही लष्करी कारवायांच्या दृष्टीने संवेदनशील आहे. २०१४मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने अहवालाचा काही भाग उघड केला. सरकारी प्रत अद्याप बंदच आहे.

१९६७ : बदललेला प्रश्न

आता ईशान्य मुंबईकडे येऊ. मतदारसंघांची फेररचना होऊन जुन्या उत्तर मुंबईचे तुकडे झाले होते. घाटकोपर-मुलुंडची बाजू ईशान्य मुंबईत आली. मेनन यांना काँग्रेसने उमेदवारी नाकारली. कारण देण्यात आले ते स्थानिक नसण्याचे. दहा वर्षे याच उपनगरांचे प्रतिनिधित्व केलेल्या माणसाला हे कारण सांगण्यात आले. १९६२च्या पराभवाची जबाबदारी म्हणून तिकीट नाकारले असते तर ती निदान एक राजकीय भूमिका ठरली असती. मेनन यांनी पक्ष सोडला आणि अपक्ष उभे राहिले.

काँग्रेसचे उमेदवार स. गो. बर्वे हे कर्तबगार माणूस होते. आयसीएस अधिकारी, १९६१च्या पानशेत प्रलयानंतर पुणे सावरणारे प्रशासक, मग राज्यात मंत्री. जून १९६६मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने त्यांच्या बाजूने आणि मेनन यांच्याविरुद्ध प्रचाराची राळ उठवली. ‘मार्मिक’मधून दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या याद्या छापून जो रोष संघटित होत होता, त्याला मेनन यांच्या रूपाने एक ठसठशीत लक्ष्य मिळाले. नोकऱ्यांत डावलले जाण्याची मराठी तरुणांची तक्रार निराधार नव्हती. पण घाटकोपरच्या कारखान्यात कोणाला भरती करतात, याचा नामका चू नदीवरच्या सैनिकांना लोकरी कपडे का मिळाले नाहीत, याच्याशी काही संबंध नव्हता. मेनन यांना प्रश्न विचारायचेच होते तर ते दुसरे होते. त्या प्रश्नांची उत्तरे द्यायला ते प्रथमच मतदारांपुढे एकटे, सत्तेच्या कवचाविना उभे होते. ती संधी ‘मल्याळी’ या एका शब्दात वाया गेली.

अन्याय बर्वे यांच्यावरही झाला. प्रशासनातल्या त्यांच्या अनुभवावर, नियोजनाच्या त्यांच्या कल्पनांवर मत मागता आले असते. ते ‘आपले’ म्हणून पुढे केले गेले. सुमारे तेरा हजार मतांनी ते जिंकले आणि निकालानंतर काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवले.

इथे दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. पहिली, सार्वत्रिक निवडणुकीत मेनन यांना दीड लाखाहून अधिक मते पडली. म्हणजे ‘माणूस कोणाचा’ हा प्रश्न उपनगराने एकमुखाने स्वीकारला नव्हता. दुसरी, त्याच निवडणुकीत, त्याच शहरात, दक्षिण मुंबईने मंगळूरकडच्या जॉर्ज फर्नांडिस यांना निवडून देऊन स. का. पाटील यांना घरी बसवले. हे फर्नांडिस पुढे संरक्षणमंत्री झाले आणि १९९८मध्ये चीन हाच मोठा संभाव्य धोका असल्याचे त्यांनी उघड बोलून दाखवले, तेव्हा त्यांच्याच सरकारची पंचाईत झाली. मुंबईच्या मतदाराला बाहेरचा माणूस एरवी चालत होता. उपनगरात तो चालू नये म्हणून वातावरण घडवले गेले.

युद्धात प्रश्न विचारावेत का?

यावर नेहमीचा आक्षेप असा, की शत्रू दारात असताना घरातली भांडणे चव्हाट्यावर मांडू नयेत. आक्षेप वजनदार आहे. पण तो अनुभवाशी ताडून पाहावा. १९६६च्या फेब्रुवारीत, व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असताना, अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र समितीने फुलब्राइट यांच्या अध्यक्षतेखाली उघड सुनावण्या घेतल्या आणि त्या दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेल्या. आपल्याकडेही कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीचा अहवाल, काही मजकूर वगळून, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेसमोर ठेवला गेला आणि पुस्तकरूपानेही आला. त्यामुळे सेना दुबळी झाली नाही. गुप्तवार्ता आणि संरक्षण व्यवस्थेतल्या सुधारणांना त्यातून चालना मिळाली. उलट, जून २०२० मध्ये गलवानला २० जवान धारातीर्थी पडल्यावर संसदेत संरक्षणमंत्र्यांचे निवेदन झाले, सविस्तर चर्चा झाली नाही. १९६२च्या नोव्हेंबरमधले ते १६५ वक्ते अशा वेळी आठवतात.

गुप्तता आणि जाब यांच्यात सीमारेषा ओढावी लागते, हे खरे. ती कुठे ओढायची यावर मतभेद होतील. पण जाब विचारण्याची जागा ओळखीने घेतली, म्हणजे ‘हा कोण?’ विचारून ‘याने काय केले?’ टाळले, तर सीमारेषेचा प्रश्नच उरत नाही. मेनन यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. मायकेल ब्रेशर या अभ्यासकाशी त्यांचे दीर्घ संभाषण १९६८मध्ये पुस्तकरूपाने आले, तेवढेच. १९७४मध्ये ते गेले. ब्रिगेडियर दळवींपासून जनरल कौलांपर्यंत ज्यांनी लिहिले त्यांनी आपापली बाजू मांडली. मतदारांसमोर उलटतपासणी कोणाचीच झाली नाही.

मराठी अभ्यासकांसाठी यात एक काम शिल्लक आहे. उत्तर मुंबईच्या लढतीचे जे वर्णन आपण वाचतो ते प्रामुख्याने दिल्लीहून किंवा परदेशातून पाहिलेले आहे. ‘मराठा’, ‘लोकसत्ता’, ‘नवशक्ती’ यांचे १९६२ आणि १९६७च्या जानेवारी-फेब्रुवारीचे अंक शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवेत. उपनगरातल्या सभांत वक्त्यांना कोणते प्रश्न विचारले गेले, चीनचे नाव कोणत्या वर्षी किती वेळा आले, सैनिकांच्या बुटांविषयी कोण बोलले, ‘आपला माणूस’ हा शब्द पहिल्यांदा कोणत्या गल्लीत ऐकू आला, हे त्यांत सापडण्याची शक्यता आहे. तो कागद आता हात लावला तरी तुटतो. हे काम फार काळ थांबणारे नाही.